डोंगरावरचा बहिरा

वैद्यबुवांना स्वतःला कुणी बहिरं म्हटलं असतं तर ते हसले असते. पण डोंगरावरच्या त्यांच्या रिपीटरला बहिरं म्हटलं, की तळपायाची आग मस्तकात जायची. आणि मंडळाच्या बैठकीत, भर चहात, सगळ्यांच्या देखत चष्मेवाल्या बाईंनी नेमकं तेच म्हटलं.

आता रिपीटर म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. ही मंडळी हौशी रेडिओवाली. हातातले सेट लहानसे, त्यांचा आवाज डोंगरापलीकडे जात नाही. म्हणून डोंगराच्या माथ्यावर एका खोलीत मोठा सेट बसवलेला. खालून कुणी बोललं की तो ऐकतो आणि त्याच क्षणी तेच मोठ्या ताकदीने पुन्हा बोलतो, म्हणजे डोंगराच्या दोन्ही अंगांची माणसं एकमेकांशी बोलू शकतात. गंमत अशी, की ऐकायला आणि बोलायला त्याला अँटेना एकच. तुम्ही स्वतः बोंबलत असताना समोरच्याची कुजबुज ऐकून बघा, म्हणजे त्याची अडचण कळेल. त्यासाठी मध्ये तांब्याची सहा नळकांडी बसवतात, कमरेएवढी उंच. तीन बोलण्याची बाजू सांभाळतात, तीन ऐकण्याची, आणि इकडचा गोंगाट तिकडे जाऊ देत नाहीत. या सगळ्या जोडणीला डुप्लेक्सर म्हणतात. मंडळात मात्र सगळे सरळ 'डबे' म्हणायचे. प्रत्येक डब्याच्या झाकणातून एक दांडी बाहेर येते. ती केसभर इकडची तिकडे झाली, की रिपीटर स्वतःच्याच आवाजाने बहिरा होतो. लांबचं, बारीक असं काही त्याला ऐकूच येत नाही.

हे डबे जुळवण्यात वैद्यबुवांचा हात धरणारा कुणी नव्हता. दांडीवर दोन बोटं ठेवून, डोळे मिटून, नाडी बघितल्यासारखे उभे राहायचे, म्हणून तर हे नाव पडलं. एरवी माणूस लाउडस्पीकर दुरुस्त करणारा, दुकानात दिवसभर सोल्डरच्या धुरात बसणारा. बोलायला फटकळ. गिऱ्हाइकाने "कधी मिळेल?" विचारलं तर "झाल्यावर" म्हणायचा.

"लांबची माणसं मध्येच तुटतात," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. बाईंचं चौकात चष्म्याचं दुकान होतं आणि मंडळाचं चिटणीसपद त्यांच्याकडे होतं, म्हणजे दोन्हीकडे लोकांच्या डोळ्यांत बघून बोलायची सवय. "रिपीटर बहिरा झालाय, वैद्यबुवा. डबे एकदा बघायला हवेत."

"डबे मी जुळवलेत."

"म्हणून तर तुम्हालाच सांगतेय."

"लांबच्यांना सांगा, अँटेना उंच बांधा. घरात पलंगावर लोळून बोलतात आणि माझ्या डब्यांना नावं ठेवतात!"

कुणीतरी खुसकन हसलं. बाईंनी तो विषय तिथेच सोडला, कारण त्यांच्याकडे दुसरा होता. पिशवीतून त्यांनी काडेपेटीएवढी एक पट्टी काढून टेबलावर ठेवली. रिपीटरसाठी टोनचं कुलूप. ज्याच्या सेटमधून आवाजाखाली एक ठरावीक सूर जाईल, त्याच्यासाठीच रिपीटरचं दार उघडणार. नव्या सेटांमध्ये तो सूर असतोच. नसला तर तो सेट बाहेर.

"हे त्या बटणदाब्यासाठी," बाई म्हणाल्या. "रोज दिवे लागायच्या वेळेला कुणीतरी बटण दाबतं. नाव नाही, गाव नाही. टिक् होतं, रिपीटर उघडतो, पीप करतो, बंद. परत टिक्, परत पीप. गेल्या वर्षी एका संध्याकाळी तर इतका वेळ चाललं होतं, की आमच्या ह्यांनी सेट उचलून पलंगाखाली ठेवला. आता पुरे झालं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. वैद्यबुवा कपातला तळाचा चहा बघत बसले. कारण तो बटणदाब्या कोण हे त्या खोलीत त्यांना एकट्यांनाच ठाऊक होतं. ती त्यांची मुलगी होती.

मुलीला ते भिंगरी म्हणायचे. एका जागी बसेल तर शपथ. जेवताना उठायची, अभ्यास करताना उठायची, आई गेल्यावर तर घरभर नुसती फिरत राहायची. फक्त डबे जुळवताना ती मीटरपुढे अशी बसायची, की पापणीसुद्धा हलत नसे. हे काम मुळात दोघांचंच. एकाने दांडी फिरवायची, दुसऱ्याने मीटरची सुई बघायची; इकडचा गोंगाट तिकडे जितका कमी झिरपेल तितकी ती खाली येते. आणि खरी मेख शेवटी आहे: दांडी पक्की करायला नट आवळला, की आवळतानाच ती किंचित सरकते. म्हणून सुई तळाला पोचायच्या जरा आधीच थांबायचं आणि आवळता आवळता तिला तळाला न्यायचं. ते 'जरा आधी' म्हणजे नेमकं कधी, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नसतं. भिंगरीला ते कळायचं. "अजून… अजून… आता!" ती म्हणायची, आणि वैद्यबुवा डोळे मिटून पाना फिरवायचे. स्वतःच्या बोटांपेक्षा त्यांचा तिच्या 'आता'वर जास्त भरवसा होता.

दोघांचा आणखी एक रिवाज होता. भिंगरी सायकलवरून कॉलेजला गेली, की पोचल्यावर सेटचं बटण दोनदा दाबायची. बोलायचं काही नाही. टिक्, टिक्. म्हणजे 'पोचले'. मग दुकानातून वैद्यबुवा दोनदा दाबायचे. म्हणजे 'कळलं'. आणि मग त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

पुढे तिने लग्न ठरवलं. मुलगा डोंगरापलीकडच्या बंदरातला, क्रेन चालवणारा, चांगला होता हो. वैद्यबुवांना त्याच्यात खोट काढता येईना, म्हणून तर ते जास्त चिडले. पोरगी जाणार हेच त्यांना सोसत नव्हतं. ते तोंडाने म्हणता येईना, मग भलतंच काहीतरी म्हणून बसले. "जायचं तर जा. पण मग या घरात फोन करायचा नाही. पुन्हा फोन केलास तर याद राख!" भिंगरी बापावरच गेलेली. तिने एकदा त्यांच्याकडे बघितलं, आपला जुना सेट पिशवीत टाकला आणि निघून गेली. फोन तिने खरंच केला नाही. आणि ह्यांनी तरी का करावा? बापमाणूस ना! आधी तिने बोलावं.

ती गेल्यावर घर खायला उठलं. पहिले काही महिने वैद्यबुवा फोनजवळून जाताना दुसरीकडे बघायचे. आणि मग एका संध्याकाळी, दुकानात दिवा लावता लावता, रेडिओवर टिक् झालं. पीप. परत टिक्. पीप. वैद्यबुवांचा हात दिव्याच्या बटणावर तसाच राहिला. जुन्या सेटची ती किंचित दबकी टिक् त्यांना हजारात ओळखू आली असती. त्यांनी घाईघाईने माईक उचलला आणि दोनदा दाबला. कळलं.

तेव्हापासून रोज. कधी दोनदा, कधी चारदा, कधी त्याहून जास्त. वैद्यबुवांनी आपल्या मनाने त्याचे अर्थ लावून ठेवले होते. दोनदा म्हणजे सुखरूप. चारदा म्हणजे आज स्वारी खुशीत. त्या एका संध्याकाळी कितीतरी वेळ टिक् टिक् चाललं, तेव्हा त्यांना वाटलं, सेट जुना झाला, बटण अडकत असेल बिचारीचं. काहीही असो, शेवटी ते दोनदा दाबायचे. मग दुकानाची फळी लावायची आणि घरी जायचं. दिवसभर ते त्या वेळेची वाट बघत असत, आणि ती येऊन गेली की दुसऱ्या दिवसाची. तिचा आवाज ऐकायला कान आसुसले होते. पण निदान एवढं तरी आहे, असं ते स्वतःला समजावायचे. बोलत नाही तर नाही, पोर दार तर वाजवतेय.

मंडळातले लोक चिडायला लागले तेव्हा त्यांनीच नियम घालून दिला, की बटणदाब्याला रेडिओवरून कुणी हटकायचं नाही. "दाद दिली की असले लोक चेकाळतात. दुर्लक्ष करा." सगळ्यांना पटलं. वैद्यबुवांचा शब्द म्हटल्यावर काय!

आणि आता हे कुलूप. भिंगरीच्या जुन्या सेटमध्ये टोन नव्हता. ती पट्टी बसली, की ती कितीही दाबत बसली तरी दार उघडणार नाही. तिला वाटणार, बापाने दार लावून घेतलं. आणि पट्टी बसवणार कोण, तर बापच, कारण रिपीटरला हात लावायचा अधिकार फक्त त्यांचा.

नाही म्हणायला त्यांना कारण सापडेना. खरं कारण सांगायचं म्हणजे चारचौघांत सांगायचं, की माझी मुलगी माझ्याशी बोलत नाही आणि मी तिच्या टिक् टिक् वर जगतो. त्यापेक्षा मेलेलं बरं! शेवटी ते एवढंच म्हणाले, "बसवू. पण आधी डबे तपासतो. मग कुणी म्हणायला नको."

चष्मेवाल्या बाईंच्या भुवया चष्म्याच्या वर गेल्या. वैद्यबुवा आपणहून डबे उघडणार? पण त्या शहाण्या होत्या, त्यांनी पट्टी परत पिशवीत ठेवली. वैद्यबुवांचा डाव साधा होता. डब्यांचं काम रेंगाळत न्यायचं, दिवे लागायची वेळ डोंगरावरच गाठायची, शेवटची टिक् टिक् ऐकायची आणि मग आपल्या हाताने कुलूप लावायचं.

दुपारी जीपमधून दोघं वर गेले. खोली म्हणजे चार भिंती, पत्र्याचं छप्पर, एक लोखंडी दार आणि कोपऱ्यात कोळ्यांचं राज्य. कपाटात रिपीटर पंख्याचा आवाज करत बसलेला, आणि भिंतीला टेकून ते सहा डबे, धुळीने मळलेले. वैद्यबुवांनी बाहीने एकेकाचं झाकण पुसलं. खिडकीतून डोंगराची पलीकडची बाजू दिसायची, खाली बंदर, आणि बंदरामागे एकाला एक चिकटलेल्या इमारतींच्या गच्च्या. वैद्यबुवांनी खिडकीकडे पाठ केली.

"आधी बहिरा आहे की नाही ते तरी बघू," बाई म्हणाल्या. त्यांनी एक लहानसा डबीएवढा यंत्राचा तुकडा आणला होता. तो अगदी क्षीण सूर सोडायचा, लांबून कुणी बारीक आवाजात बोलावं तसा. तो त्यांनी बाहेर कठड्यावर ठेवला. आत येऊन रिपीटरच्या ऐकणाऱ्या भागाला एक स्पीकर जोडला आणि बोलणाऱ्या भागाचा स्विच हाताशी घेतला.

"आता दुकानात विचारते तसंच विचारणार," त्या म्हणाल्या. "हे बरं की हे? बोलणं बंद."

स्पीकरमधून डासाएवढा सूर आला. बारीक, पण स्वच्छ.

"बोलणं चालू."

सूर गेला. नुसती खरखर उरली.

"बंद." सूर आला. "चालू." गेला. "सांगा, कुठलं बरं?"

"तुमचं ते खेळणं भंगार आहे," वैद्यबुवा म्हणाले.

"माझं खेळणं ठणठणीत आहे. या, तुम्हीच करा."

वैद्यबुवांनी स्विच आपल्या हातात घेतला. चालू, बंद. चालू, बंद. कितीतरी वेळ तेच. मग त्यांनी हात खाली केला आणि पेट्रोमॅक्सच्या खोक्यावर बसले. रिपीटर बहिरा होता. अगदी ठार नाही, जवळच्यांचं, मोठ्या सेटवाल्यांचं ऐकत होता, पण बारीक आवाज आला की दार उघडायचा, स्वतः बोलायला तोंड उघडायचा आणि त्याच क्षणी त्याचे कान बंद व्हायचे.

असं का झालं हे त्यांना लगेच कळलं. भिंगरी गेल्यानंतर हे डबे त्यांनी एकट्याने घरी जुळवले होते. मीटरपुढे दाढीचा आरसा टेकवून, आरशात सुई बघत बघत दांड्या फिरवल्या होत्या. मग ते धुडं जीपमध्ये घालून खड्ड्याखड्ड्यांतून वर आणलं आणि बसवलं. वर आल्यावर पुन्हा तपासायचं असतं, हे त्यांना काय ठाऊक नव्हतं? पण त्याला दुसरं माणूस लागतं. आणि तिच्या जागी कुणाला उभं करायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

बाईंना वाटलं होतं, आता हा माणूस आरडाओरडा करणार. पण वैद्यबुवा हळूच म्हणाले, "बाई, सुई बघाल?"

"बघते की. कसं ते सांगा."

त्यांनी सांगितलं. अँटेना सोडवून डब्यांना मीटर जोडला आणि बाई मीटरपुढे बसल्या. ऐकणाऱ्या बाजूचा पहिला डबा. वैद्यबुवांनी नट सैल केला, दोन बोटं दांडीवर ठेवली, डोळे मिटले. "खाली येतेय," बाई म्हणाल्या, "येतेय… येतेय… आता. अहो आता! गेली पुढे."

"गेल्यावर आता म्हणून काय उपयोग?"

"मग तुम्ही ऐका ना लवकर!"

वैद्यबुवांना हसू आलं, आणि हसता हसता भिंगरीचं 'आता' आठवलं. त्यांनी खोकल्याचं सोंग केलं. पुन्हा केलं, पुन्हा चुकलं. बाई जिद्दीच्या, हट्टाला पेटल्या. कितव्यांदा तरी त्यांनी नेमकं जरा आधी "आता" म्हटलं आणि वैद्यबुवांनी पाना फिरवला. सुई तळाला जाऊन बसली. एक डबा झाला. पाच राहिले, पण बाहेर ऊन उतरायला लागलं होतं आणि वैद्यबुवांचा सारा जीव आता कानात आला होता.

"एवढ्याने किती फरक पडला बघू," म्हणून त्यांनी अँटेना परत जोडली. बोलणारा भाग बंदच होता. बाई कठड्यावरचं खेळणं सुरू करायला दाराकडे वळल्या. खाली बंदरात एकेक दिवा लागत होता.

तेवढ्यात स्पीकरमधली खरखर थांबली. टिक् झालं. वैद्यबुवांनी डोळे मिटले. ही शेवटची.

"बाबा, मी आलेय गच्चीवर."

आवाज अगदी बारीक होता, मागे वाळू चाळल्यासारखी खरखर होती. पण एकेक शब्द कळत होता.

"आज जरा उशीर झाला. छोटीला दोन दिवस ताप होता ना, काल सांगितलं तो. उतरला आता. सकाळपासून घरभर रांगतेय, एका जागी बसेल तर शपथ. तुमची भाषा आली तोंडात बघा. ह्यांना रात्रपाळी आहे. मी खिमट करून भरवलं तिला, अर्धं माझ्या अंगावर. डोंगरावर आज ढग नाहीत, खोली इथून स्वच्छ दिसतेय. बाकी काही नाही. तुम्हाला बोलायचं नसेल तर नका बोलू, माझं काही म्हणणं नाही. पण ते दोनदा दाबा. तेवढ्यावर मला झोप लागते."

आवाज थांबला. पुन्हा खरखर.

बाई दारातच उभ्या राहिल्या होत्या. "वैद्यबुवा," त्या म्हणाल्या, "हाच का तो बटणदाब्या? अहो, हे तर बोलतंय!"

वैद्यबुवा परत खोक्यावर बसले. रोज बोलत होती. इतकी वर्षं रोज. ती तोंड उघडायची आणि ह्यांचा रिपीटर मोठ्या तोंडाने तिचं बोलणं गिळून टाकायचा. तिची फक्त टिक् बाहेर यायची, रिपीटर गप्प होऊन त्याचे कान उघडले की परत एक टिक्, आणि ती मोजून हा शहाणा माणूस खुशीत आहे की सुखरूप आहे ते ठरवायचा! तिचं तिला काय कळणार? बटण दाबून बोलत असताना स्वतःचं काही ऐकू येत नाही. बोलून झालं की तिला पीप ऐकू यायचा, आणि मागून बापाच्या दोन टिचक्या. एवढंच.

"बाबा?" पुन्हा आवाज आला. आता त्यात काळजी होती. "आज पीपपण नाही आला. रिपीटर बंद आहे का? बरे आहात ना?"

"अहो, उठा!" बाई धावत आत आल्या आणि स्विचपाशी उभ्या राहिल्या. "रिपीटरचा माईक घ्या. हे बघा, मी चालू करते तेव्हा तुम्ही बोला. चालू असताना तिचं ऐकू येणार नाही. तुमचं झालं की हात वर करा, मी बंद करते. मग तिचं ऐका. कळलं?"

बाईंनी स्विच चालू केला. पंखा जोरात घुमायला लागला. वैद्यबुवांनी माईक तोंडापाशी नेला आणि सवयीने दोनदा दाबला. टिक्, टिक्.

"दाबताय काय, बोला!" बाई ओरडल्या.

डोंगराच्या दोन्ही अंगांना, प्रत्येकाच्या घरात या वेळेला सेट चालू असणार, हे वैद्यबुवांना माहीत होतं. सगळं मंडळ ऐकणार. ऐकू दे मेलं. त्यांनी बटण दाबलं.

"भिंगरे," ते म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "मी बरा आहे. डोंगरावर आहे, खोलीत. भिंगरे… छोटी कोण?"

त्यांनी हात वर केला. बाईंनी स्विच बंद केला. खरखर आली. खाली बंदरावर आणखी दिवे लागले होते. त्यांतल्या कुठल्यातरी गच्चीवर ती उभी होती, आणि कुठली ते कळायला मार्ग नव्हता.

"बाबा, तुम्ही बोललात." भिंगरी म्हणाली. "छोटी कोण म्हणजे? मी सांगितलं नव्हतं का तुम्हाला? दवाखान्यातून घरी आले त्याच संध्याकाळी आले होते वर. उभं राहवत नव्हतं, ह्यांनी खुर्ची आणून दिली. किती वेळ बोलत होते मी! नाक आईसारखं आहे म्हटलं, बोटं तुमच्यासारखी लांब आहेत म्हटलं. बघायला या म्हटलं. कितीदा तरी म्हटलं. आणि तुम्ही दोनदा दाबलंत. मला वाटलं, बाबांना कळलं. यायचं नसेल, पण कळलं तरी."

बाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला. एका हाताने पुसत होत्या, दुसरा हात स्विचवर होता.

वैद्यबुवांनी मान हलवली. स्विच चालू झाला.

"काही कळलं नाही गं मला. एक शब्द पोचला नाही. रिपीटर बहिरा होता, आणि तो मीच जुळवलेला, एकट्याने, आरसा लावून. मला वाटायचं तू नुसतं बटण दाबतेस. मला वाटायचं तू बोलतच नाहीस माझ्याशी. रोज वाट बघायचो." माईक दाबलेलाच होता, आणि सगळ्या मंडळाला घरोघरी त्यांचा श्वास ऐकू येत होता. "उद्या सकाळी निघतो. पहिल्या गाडीने येतो. पण आता हलू नकोस तिथून. सगळं परत सांग, आठवेल तेवढं. मी इथेच बसलोय."

त्यांनी हात वर करायला घेतला आणि पुन्हा खाली आणला.

"आधी तिचं नाव सांग."

बाईंनी स्विच बंद केला. वैद्यबुवांनी माईक खाली ठेवला, गुडघे टेकून स्पीकरपुढे बसले आणि त्याच्या जाळीला कान लावला.